गल्ला आणि टपालपेटी : कणकुंबीच्या वाटेवरचे एक दुकान

शुक्रवार, बेळगाव

खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, एका लहान गावात किराणा मालाचे दुकान आणि शाखा डाकघर पिढ्यानपिढ्या एकाच पडवीत चालत आले आहे. गोव्याची हद्द तेथून जवळ आहे आणि महाराष्ट्राचा चंदगड तालुकाही फार लांब नाही. या दुकानाचा इतिहास जाणून घ्यावा, एवढ्याच हेतूने हा प्रवास केला. दुकानमालकांनी जुन्या वह्या मोकळ्या मनाने दाखवल्या, मात्र गावाचे आणि घराण्याचे नाव छापू नये अशी अट घातली. उधारीच्या वह्यांत गावातल्या बहुतेक घरांची नावे असल्यामुळे ती अट रास्तच म्हणावी लागेल.

सुरुवात रविवार पेठेपासून केली, कारण डोंगरातल्या दुकानांचा माल आजही येथूनच जातो. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा समुद्राशी व्यवहार मुख्यतः वेंगुर्ले बंदरातून होत असे. मीठ, नारळ आणि विलायती माल घाट चढून वर येई, तर देशावरचे धान्य, गूळ आणि मिरची खाली उतरे. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोहोचली, लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदराशी लोहमार्ग जुळला आणि वेंगुर्ल्याच्या रस्त्याची वर्दळ ओसरली. लोहमार्गापासून दूर राहिलेल्या कणकुंबीकडच्या गावांना मात्र या बदलाचा लाभ उशिराच झाला. त्यांचा माल बैलगाडीने जांबोटीपर्यंत आणि पुढे डोक्यावरून किंवा बैलाच्या पाठीवरून जाई.

पेठेतील ज्या घाऊक व्यापाऱ्यांकडे त्या दुकानाचे खाते आहे, त्यांच्या गादीवर तासभर बसलो. पूर्वी मालाची यादी एसटीच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठीतून येत असे, आता ती व्हॉट्सॲपवर येते, एवढाच फरक त्यांनी सांगितला. पावसाळ्यापूर्वीची यादी मात्र अजूनही वेगळी आणि लांबलचक असते. मीठ, तेल, गूळ, काडेपेट्या, मेणबत्त्या, सुके बांगडे, कडधान्ये असा चार महिन्यांचा साठा मे महिन्यातच वर चढवावा लागतो, कारण त्या पट्ट्यातला पाऊस कर्नाटकातील सर्वाधिक पावसांपैकी एक आहे.

दुकान आणि टपाल एकत्र कसे आले, याचे उत्तर गावात शोधण्यापूर्वी खात्याच्या नियमांत शोधणे आवश्यक होते. इंग्रजी अमदानीत टपाल खेड्यापाड्यांत न्यायचे ठरले, तेव्हा प्रत्येक गावी इमारत बांधणे आणि पूर्ण पगाराचा माणूस ठेवणे सरकारला परवडणारे नव्हते. त्यामुळे गावातील शाळामास्तर, दुकानदार किंवा जमीनदार अशा माणसाकडे थोड्या भत्त्यावर टपालाचे काम सोपवण्याची पद्धत रूढ झाली. या लोकांना ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’, म्हणजे खात्याबाहेरचे कर्मचारी, म्हणत. त्यांच्यासाठी १९६४ मध्ये स्वतंत्र नियम झाले आणि २००१च्या नियमांनी त्यांना ‘ग्रामीण डाक सेवक’ हे नाव दिले. शाखा पोस्टमास्तर होणाऱ्याला उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे आणि कार्यालयासाठी जागाही त्यानेच दिली पाहिजे, ही अट या व्यवस्थेच्या मुळाशी होती. तेव्हा सरकारने दुकानात टपाल उघडून गावावर मेहेरबानी केली असे समजणे चूक आहे. खरे तर टपाल खातेच खेड्यातल्या दुकानदाराच्या ओसरीवर आणि त्याच्या गल्ल्यावर उभे राहिले होते.

शनिवार, जांबोटीमार्गे

सकाळच्या बसने पिरनवाडी, किणये करत निघालो. कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली की मुलूख बदलतो. उसाचे आणि भाजीपाल्याचे मळे मागे पडतात आणि भाताची खाचरे, काजूची झाडे, मग दाट जंगल सुरू होते. जांबोटीला चहा घेऊन दुसरे वाहन पकडले आणि फाट्यावरून पुढे पायी गेलो.

दुकानाची इमारत जुन्या पद्धतीची, मातीच्या भिंतींची आणि कौलारू आहे. खानापूरची माती कुंभारकामासाठी आणि कौलांसाठी नावाजलेली असल्यामुळे या भागात कौल शोधायला लांब जावे लागत नसे. पडवीत सागवानी फळ्यांचे लांब काउंटर आहे. त्याच्या डाव्या बाजूला तागडी, बरण्या आणि वरच्या फळीला नाणी टाकण्याची फट असलेला गल्ला आहे, तर उजव्या बाजूला टपालाचे सामान आहे. त्या दोन बाजूंच्या मध्ये भिंत नाही, फळीही नाही. काउंटरवर खिळ्याने कोरलेली एक रेघ तेवढी आहे. ती कोणी कोरली, असे विचारल्यावर मालक हसले आणि म्हणाले, “इन्स्पेक्टर यायचे तपासणीला. त्यांना दाखवायला काहीतरी हद्द पाहिजे की नको?”

मालक ऐंशीच्या पुढचे आहेत. गाव त्यांना अजूनही ‘मास्तर’ म्हणते, कारण त्यांनी शाखा पोस्टमास्तर म्हणून वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत काम केले आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनीही तेच काम केले. घराणे मूळचे सावंतवाडीकडचे असून आजोबा रामघाटाने वर आले, असे ते सांगतात. संध्याकाळी गिऱ्हाइकांची वर्दळ होती म्हणून वह्यांचे काम दुसऱ्या दिवशीवर टाकले. रात्री नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुक्या बांगड्याचे कालवण असे जेवण झाले.

रविवार, दुकानात

रविवारी टपाल बंद असल्यामुळे काउंटरचा उजवा भाग मोकळा होता आणि मास्तरांनी त्यावरच वह्या पसरल्या. सर्वांत जुन्या वह्या मोडी लिपीत आहेत; मला मोडी जेमतेम लागते, परंतु मास्तर लहानपणी वडिलांकडून ती शिकल्यामुळे सरसर वाचत होते. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे ठसे आणि ‘श्री’ आहे. मालाची नावे वाचली तरी हे दुकान कोणत्या हद्दीवर बसले होते याची कल्पना येते. मीठ, खोबरेल, सुकी मासळी आणि आमसुले गोव्याकडून येत. गूळ, संकेश्वरी मिरची, तूरडाळ आणि कापड बेळगावहून येई. एकाच पानावर दोन देशांचा माल लिहिलेला आहे, कारण १९६१ पर्यंत घाटाखाली पोर्तुगीज राज्य होते.

त्या हद्दीची जाच ठरणारी वस्तू म्हणजे मीठ. इंग्रज सरकारने मिठावर जबर कर बसवला होता आणि गोव्यात ते स्वस्त मिळत असे, त्यामुळे घाटवाटांनी मीठ चोरून वर येणे स्वाभाविक होते. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोव्यातील मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला आणि मधली जकात उठली. बारा वर्षांची मुदत संपल्यावर १८९२ मध्ये हा करार बंद झाला आणि जकात पुन्हा आली. मास्तरांच्या घरात या काळातली वही उरलेली नाही, पण ‘मिठाच्या वाटा’ हे शब्द त्यांच्या आजीच्या तोंडी असत, असे ते म्हणाले. जंगलातून जाणाऱ्या त्या पाऊलवाटा आज गवळी-धनगरांखेरीज कोणी वापरत नाही.

१९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि कॅसलरॉकवरून जाणारी रेल्वे वाहतूकही थांबली. दुकानाच्या वहीत हा बदल ठळक दिसतो, कारण त्यापुढे खोबरेल आणि आमसुले ही नावे एकाएकी कमी होतात. सुकी मासळी मात्र काही महिन्यांतच परत दिसू लागते. ती कोठून आली, हे वहीत लिहिलेले नाही आणि मीही विचारले नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईसाठी बेळगावात फौजा जमल्या, तेव्हा मास्तर शाळेत होते. शहरात गेलेला माणूस परत येऊन सैन्याच्या गाड्यांच्या गोष्टी सांगे आणि काउंटरसमोर ऐकणाऱ्यांची गर्दी जमे, एवढे त्यांना आठवते. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाले आणि वहीतली आमसुले परत आली.

गोव्याची हद्द पुसली जाण्यापूर्वी पाच वर्षे दुसरी हद्द निर्माण झाली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्यापुढचा इतिहास सीमाभागातल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. १९६६ मध्ये सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग, १९६७ मधला त्याचा अहवाल आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा हे सर्वांना पाठ आहे. १ नोव्हेंबरला येथील मराठी माणूस काळा दिन पाळतो आणि सरकार राज्योत्सव साजरा करते. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळाच होता. चंदगडच्या बाजूच्या काही घरांची खाती या दुकानात होती, आणि ती एका रात्रीत दुसऱ्या राज्यातली झाली. “आधी एखाद्यानं पैसे बुडवले तर बेळगावच्या कोर्टाची भीती घालता यायची,” मास्तर म्हणाले. “नंतर दावा लावायचा म्हटलं तर गडहिंग्लजला जावं लागलं असतं. बाबांनी ती खाती तशीच ठेवली. कोणी दिले, कोणी नाही दिले.” त्या वहीत काही नावांपुढे बाकी अजून तशीच उभी आहे, आणि त्या घरांशी या घराची सोयरीकही आहे.

त्यानंतरच्या वहीतला एक कागद मला फार आवडला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तेव्हा आण्यांचे नव्या पैशांत रूपांतर करण्याचा तक्ता मास्तरांच्या वडिलांनी हाताने लिहून वहीच्या पुठ्ठ्याला आतून खळीने डकवला आहे. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५, असा तो सरकारी हिशेब आहे. वास्तविक आण्याचे सव्वासहा पैसे होतात, त्यामुळे एकेक आण्याचा माल चार वेळा नेणाऱ्याला २४ पैसे पडत आणि एकदम चार आण्यांचा माल नेणाऱ्याला २५. हे गावाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. बायका मुद्दाम चार खेपा घालू लागल्या, आणि तक्त्याखाली वडिलांनी बारीक अक्षरात लिहून ठेवले आहे : ‘दिवसाचा माल एकत्र धरावा.’

वजनांचेही तसेच झाले. शेर, अच्छेर, पावशेर आणि छटाक यांच्या जागी १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आले. जुनी पितळी वजने मास्तरांनी मोडीत घातलेली नाहीत, ती एका लाकडी खोक्यात आहेत. त्यातली तोळ्याची वजने टपालाच्याही कामाची होती, कारण दशमान पद्धती येईपर्यंत पत्राचे हशील तोळ्यावर ठरत असे. खात्याचा काटा बिघडला की पाकीट दुकानाच्या लहान तागडीत जाई, आणि ज्या वजनाने वेलदोडे मोजले त्याच वजनाने मुंबईचे पत्र मोजले जाई.

दुपारी तीनच्या सुमारास जेवणानंतरची सुस्ती काढण्यासाठी कणकुंबीला जाऊन आलो. माउली आणि रामेश्वराची देवळे, मलप्रभेचा उगम, कळसा नाल्यावरच्या कालव्याचे खोदकाम हे सर्व एकाच टापूत आहे. येथे पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. मलप्रभेचे पाणी पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि म्हादईचे पश्चिमेला गोव्यात. त्या वाट्यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात चाललेला तंटा २०१८ मध्ये लवादाच्या निवाड्यापर्यंत गेला, तरी मिटलेला नाही. चोर्ला घाटाच्या बाजूला तपासणी नाका आहे आणि तेथे गोव्याहून येणाऱ्या गाड्यांमधल्या बाटल्या शोधल्या जातात. मिठाची जागा आता दारूने घेतली आहे, आणि नाक्यावरच्या शिपायाची नजर बहुधा तीच असेल.

रात्री मनीऑर्डरींविषयी बोलणे निघाले आणि या दुकानाचा खरा कणा समोर आला. भारतात मनीऑर्डर १ जानेवारी १८८० पासून सुरू झाली. खानापूर, चंदगड आणि आसपासच्या तालुक्यांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोव्यातल्या खाणींवर आणि फौजेत गेली, आणि त्यांचे पैसे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात याच काउंटरवर येत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे प्रत्येक वाडीतून कोणी ना कोणी फौजेत होते, आणि त्यांचा पत्ता केवळ ‘५६ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक, एवढाच असे. आपला मुलगा नेमका कोठे आहे हे आईला कळत नसे, परंतु फॉर्मच्या तळाशी असलेल्या कुपनावर दोन ओळी असत आणि त्या मास्तर वाचून दाखवत. उत्तरही तेच लिहीत. वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, भाताची लावणी, म्हैस व्याली की नाही, आणि शेवटी ‘पत्राचे उत्तर लवकर पाठविणे’. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डात एवढे मावते हे त्यांच्याकडूनच शिकावे.

शाखा डाकघरात ठेवायच्या रोकडीला मर्यादा असते. एकाच दिवशी मोठ्या रकमेच्या मनीऑर्डरी आल्या, तर वरच्या कार्यालयातून रोकड मागवावी लागते आणि ती दुसऱ्या दिवशीच्या थैलीतून येते. पावसाळ्यात दुसरा दिवस म्हणजे कधीकधी आठवा दिवस. अशा वेळी मास्तर गल्ल्यातले पैसे देत आणि थैली आल्यावर परत घेत. नियमात ते बसत नव्हते, पण पोस्टमास्तरला स्वतःची कमाई असावी असा आग्रह खात्याने धरला होता, तो अशाच प्रसंगांसाठी उपयोगी पडत असे.

या सोयीची दुसरी बाजूही आहे, आणि ती मास्तरांनी स्वतःहून सांगितली. मनीऑर्डर ज्याच्या हातून मिळायची, त्याच्याच वहीत त्या घराची उधारी असायची. “माझीही वसुली त्याच दिवशी व्हायची, ते कशाला लपवू? पण मी आधी पैसे त्या बाईच्या हातात ठेवायचो, अंगठा घ्यायचो, साक्षीदाराची सही घ्यायचो, आणि मग रेघेच्या या बाजूला येऊन वही उघडायचो.” काउंटरवरच्या रेघेचा उपयोग केवळ इन्स्पेक्टरसाठी नव्हता, हे तेव्हा लक्षात आले. तरीही ज्या दुकानदाराकडून पुढच्या महिन्याचे तांदूळ उधार घ्यायचे आहेत, त्याच्यासमोर पैसे हातात घेऊन ‘आज देत नाही’ असे म्हणण्याची सोय त्या बाईला कितपत होती, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. दुकान आणि टपाल एकत्र असल्यामुळे गावाची सोय झाली, तशी गावावर दुकानदाराची पकडही बसली, असे माझे मत झाले आहे, आणि मास्तरांच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नसतानाही ते बदललेले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीची वही सर्वांत जाड आहे. मनीऑर्डरी आटल्या आणि उधारी वाढत गेली. ज्या पानावर एरवी महिन्याला एक जमा असे, तेथे सलग आठ-नऊ महिने नुसते नावे, म्हणजे उधारीच, आहे. काही माणसे परत आली आणि शेतीला लागली, काही गोव्यात गेली. त्या पानांवर मास्तरांनी आडवी रेघ मारून ‘सोडले’ असे लिहिले आहे. सर्व पानांवर नाही, काहींवर.

सोमवार, थैलीबरोबर

सकाळी नऊच्या सुमारास पोस्टमास्तरीणबाई आल्या. मास्तर निवृत्त झाल्यावर दहावीच्या गुणांवर झालेल्या भरतीत त्यांची निवड झाली. त्या सौंदत्तीकडच्या आहेत, मातृभाषा कन्नड. कार्यालयाला जागा दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आल्यावर मास्तरांनी काउंटरचा उजवा भाग नाममात्र भाड्याने दिला, त्यामुळे टपाल जेथे होते तेथेच राहिले. गावातल्या बायकांशी बोलता बोलता त्या मराठी शिकल्या आहेत आणि मास्तर त्यांना ‘पोरी’ म्हणतात. हिशेबाच्या गोष्टी मात्र दोघे कन्नडमध्ये बोलतात, कारण टपालाचे शब्द मास्तरांच्या तोंडी कन्नडमध्येच बसले आहेत.

त्यांचे पहिले काम मी अगदी जवळून पाहिले. पितळी मूठ असलेल्या शिक्क्यातली कालची तारीख त्यांनी लहान चिमट्याने काढली, आजचे अंक उलट्या क्रमाने बसवले, शाईच्या गादीवर शिक्का दोनदा हलकेच टेकवला आणि वहीतल्या रकान्यात त्याचा एक ठसा उमटवला. ठसा पुसट आला म्हणून कापडाने अंक पुसून त्यांनी दुसरा घेतला. ही वही रोज भरायची असते, टपाल असो वा नसो. मास्तरांच्या काळातल्या अशा वह्या खात्याकडे जमा झाल्या, पण त्यांच्या उजव्या हाताच्या तळव्यावर मुठीचा घट्टा अजून आहे.

पत्रे फारशी नव्हती. बँकेची दोन पाकिटे, एका मुलाचे आधार कार्ड, कोर्टाची एक नोटीस आणि विम्याचे एक पत्र आले होते. तार तर १४ जुलै २०१३ नंतर देशभरातच बंद झाली. काम वाढले आहे ते दुसऱ्या बाजूने. १ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली आणि बाईंच्या हातातल्या लहान यंत्रावर अंगठा ठेवून बँक खात्यातले पैसे काढता येऊ लागले. साडेदहापर्यंत सात-आठ बायका जमल्या. २०२३ मध्ये सुरू झालेल्या कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये काढायला त्या आल्या होत्या. त्यांतल्या एकीची बहीण चंदगड तालुक्यात दिलेली, तिला २०२४ पासून महाराष्ट्राच्या लाडक्या बहिणीचे १,५०० मिळतात. कोणते सरकार चांगले यावर काउंटरसमोर बरीच चर्चा झाली आणि ५०० रुपयांच्या फरकाने निकाल लागला. यंत्राला रेंज मिळेना, तेव्हा बाई ते घेऊन पायरीवरून उतरून फणसाच्या झाडाखाली गेल्या आणि रांग त्यांच्यामागे गेली. पैसे मिळाल्यावर तीनजणी परत आल्या आणि काउंटरच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. मास्तरांच्या नातवाने वही उघडली.

दुपारी थैली बांधून, लाखेने मोहोर करून खानापूरच्या बसमध्ये चढली, आणि मीही तिच्याबरोबर चढलो. रस्ते होण्यापूर्वी हे काम टपाल नेणारा रनर पायी करत असे. जंगलातून जाणाऱ्या रनरच्या हातात घुंगरे बांधलेला भाला असे, असे जुन्या माणसांकडून ऐकायला मिळते. भीमगडचे जंगल, जे २०११ मध्ये अभयारण्य झाले, याच पट्ट्यात येत असल्यामुळे ती घुंगरे शोभेसाठी नव्हती. आता थैली ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली, कोंबड्यांच्या करंडीशेजारी प्रवास करते. रस्त्याची स्थिती विचारू नये.

मंगळवार, शिनोळी

परतीचा दिवस दुसऱ्या हद्दीसाठी राखून ठेवला होता. बेळगावहून वेंगुर्ले रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटरवर बाची हे कर्नाटकातले शेवटचे गाव लागते आणि त्यापुढे चंदगड तालुक्यातले शिनोळी. येथे घाट नाही, नदी नाही, जंगल नाही. रस्त्याकडेच्या पाट्यांची लिपी बदलते तेवढ्यावरून राज्य बदलल्याचे कळते. शिनोळीला महाराष्ट्राची औद्योगिक वसाहत आहे आणि तेथे कामाला जाणारे पुष्कळ लोक बेळगावकडचे आहेत.

मी आदल्या दिवशी काउंटरवर पोस्टकार्ड टाकून शिनोळीच्या एका परिचितांना पाठवले होते. ते मिळाले नव्हते, आणि मिळण्याचे कारणही नव्हते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आले तेव्हा कर्नाटकाला ५ हा आकडा आणि महाराष्ट्र-गोव्याला ४ हा आकडा मिळाला. त्यामुळे खानापूर तालुक्यातले पत्र ५९१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून निघते आणि चंदगडला ४१६ च्या पत्त्यावर पोहोचते, आणि मधल्या काही मैलांसाठी त्याला दोन परिमंडळांच्या, म्हणजे टपाल खात्याच्या राज्यवार कारभारांच्या, छाननीतून जावे लागते. गंमत अशी की गोव्याची ४०३ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची पत्रे आणि कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गाची पत्रे महाराष्ट्र परिमंडळाच्या एकाच विभागात मोडतात, आणि त्या विभागाचे कार्यालय पणजीला आहे. राजकीय नकाशावर गोवा वेगळे राज्य आहे आणि टपालाच्या नकाशावर ते कोल्हापूरशी जोडलेले आहे; तुटलेला आहे तो बेळगावचा तुकडा.

नाक्यावरच्या किराणा दुकानदारांना मी विचारले की, बेळगावला काही कागद पाठवायचा असेल तर ते काय करतात. त्यांनी समोर उभ्या असलेल्या बसकडे बोट दाखवले. पाकीट कंडक्टरकडे द्यायचे, बेळगावच्या स्टँडवर घेणाऱ्याचा फोन नंबर वर लिहायचा, आणि कंडक्टरला चहा पाजायचा. मालासाठीही ते रविवार पेठेतच जातात. पेट्रोल मात्र बाचीच्या बाजूला भरतात, कारण ते तिकडे स्वस्त पडते, आणि वजनकाट्यावर शिक्का मारून घ्यायला कोल्हापूर जिल्ह्याच्या निरीक्षकाची वाट पाहतात. मी त्यांच्याकडून पावकिलो शेंगदाणे घेतले आणि दुपारच्या बसने बेळगावला परतलो.